टेपवाल्या साहेबांना आईने दाखवलेलं घर

बीड,
रविवार, सकाळ (आई देवळातून परत येण्याआधी)

तीर्थस्वरूप आश्रुबा दाजी,

तुमच्या आणि वनमाला आक्काच्या पायांवर डोकं ठेवून सोमनाथचा नमस्कार. इकडे मी, शिवकन्या, तेजश्री आणि आई असे चौघेही खुशाल आहोत. रीत म्हणून हे वाक्य मी आयुष्यभर लिहीत आलो, पण या वेळी ते लिहिताना पेन थांबलं, कारण या वेळी ते खरं आहे आणि अगदी थोडक्यात खरं ठरलं आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (आक्का म्हणते उजवा. माझ्या डायरीत डावा लिहिलेला आहे. दोन्ही दुखत असतील तर आम्ही दोघंही बरोबर, पण तसं नसावं अशी प्रार्थना.) मोसंबीचं पाणी तोडलं का, की या वर्षी मृग बहार धरायचा नाही? आक्काला म्हणावं, रक्तदाबाची गोळी दिवसाआड घ्यायची नसते. गोळ्या जास्त दिवस पुरतात हे खरं, पण आक्काने जास्त दिवस पुरावं अशी आमची इच्छा आहे.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि आक्काकडे देता. आक्का मग स्वतःच बोलते. शिवाय जे सांगायचं आहे ते मला तोंडाने सांगता येईल याची खात्री नाही. कागदावर माणूस थोडा धीट होतो, निदान खोडता तरी येतं.

आधी पाकिटातल्या वस्तू मोजून घ्या. तुमच्या आधारकार्डाची झेरॉक्स, मोसंबीच्या बागेचा सात-बारा, दोन फोटो (एकात तुम्ही रागावलेले आहात, दुसऱ्यात जास्त रागावलेले), आणि तुमच्या चार सह्या असलेला जामीनदाराचा फॉर्म. हे सगळं परत पाठवतो आहे. फॉर्म चुलीत घालावा. मीच घालणार होतो, पण सही तुमची, तेव्हा जाळायचा मानही तुमचाच.

आता हे असं का झालं ते सुरुवातीपासून सांगतो. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात तानाजी म्हणून एक जण आहे. दिवसा तो विद्यार्थ्यांच्या फीच्या पावत्या फाडतो आणि पाच वाजल्यानंतर लोकांना बँकांची कर्जं जमवून देतो, त्यावर त्याला कमिशन मिळतं. वाईट माणूस नाही. मी ग्रंथपाल असल्यामुळे माझ्याकडे कोणी फारसं येत नाही, हा येऊन बसतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी त्याला सहज म्हणालो, की मागच्या खोलीचा स्लॅब गळतो, दोन-तीन लाखांचं काम निघालं आहे. त्यावर तो म्हणाला, “सर, पंचावन्न लाखाचं घर हाय तुमचं आन् ते नुसतं बसून खातंय. त्याला कामाला लावा की!”

दाजी, आपलं घर म्हणजे काय हे तुम्ही जाणता. आई-दादांनी शिरूर कासारहून अकरा हंगाम ऊसतोडीला जाऊन प्लॉट घेतला आणि मी नोकरीला लागल्यावर त्यावर चार खोल्या बांधल्या. ते घर बसून खातं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तानाजी बोलला त्या दिवशी घरी आलो आणि दारातून घराकडे पाहिलं, तर ते खरोखर ऐतखाऊ वाटायला लागलं. एखाद्या चांगल्या शिकलेल्या पण नोकरी न शोधणाऱ्या पोराकडे बघावं तसं मी त्याच्याकडे बघायला लागलो.

पुढचं मी डायरीतून उतरवून देतो. माझ्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवला तर ती माझीच बाजू घेईल. १२ नोव्हेंबर: तीन लाख, स्लॅब. २० नोव्हेंबर: नऊ लाख, कारण स्लॅब करायचाच तर वर दोन खोल्या काढून क्लासला येणाऱ्या मुलींना भाड्याने द्याव्यात. ४ डिसेंबर: सतरा लाख, कारण दोन खोल्यांना जिना लागतो आणि एकदा जिना आला की पुढच्या खोल्यांना तो फुकट पडतो. (हे वाक्य तानाजीचं. फुकट पडणारा जिना साडेतीन लाखांचा होता.) २२ डिसेंबर: सव्वीस लाख. सोळा खाटा, सोळा कपाटं, पाण्याचं मशीन, कॅमेरे. ९ जानेवारी: पस्तीस लाख, कारण कर्ज काढायचंच आहे तर त्यातच एक गाडी घ्यावी. वसतिगृहाच्या मालकाने स्कूटीवर येणं बरं दिसत नाही. मी खालच्याच मजल्यावर राहणार होतो. गाडीतून कुठून येणार होतो, कोण जाणे.

या प्रत्येक नोंदीपुढे समासात ‘विचार करावा’ असं लिहिलेलं आहे. पाच वेळा. लिहिलं म्हणजे केला असं मला वाटत असावं.

हिशेबही मी केला होता आणि तो सुंदर होता. पस्तीस लाख, पंधरा वर्षं, दहा टक्के, हप्ता सदतीस हजार सहाशे अकरा. सोळा खाटांचं भाडं अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे घर स्वतःचा हप्ता स्वतः भरून वर मला दरमहा दहा हजार देणार होतं. यात सोळाच्या सोळा खाटा बाराही महिने भरलेल्या धरल्या होत्या. उन्हाळ्याची सुट्टी मी धरलीच नव्हती. वीस वर्षं कॉलेजात नोकरी करून ज्या माणसाला उन्हाळ्याची सुट्टी आठवत नाही त्याला काय म्हणावं, हे तुम्हीच ठरवा. आणि खाटा रिकाम्या राहिल्या तर माझ्या हातात पडणाऱ्या चौपन्न हजारांतून हप्ता जाऊन सोळा हजार उरणार, ही वजाबाकी मी केली ती पार मार्च महिन्यात. मी बारावीला गणितात एकोणनव्वद मार्क घेतलेला माणूस आहे. गणित येत नव्हतं असं नाही. उत्तर आवडणार नाही असं दिसलं, म्हणून ते गणित घातलंच नाही.

आता जे सांगायचं ते. जानेवारीत मी तलवाड्याला आलो होतो, आठवतं? आक्काने धपाटे केले होते. तुम्ही बागेतून आलात, हात धुतलेत आणि फॉर्मवर चार ठिकाणी सह्या केल्यात. तुम्ही विचारलंत, “किती काढायलाय?” मी म्हणालो, सात-आठ लाख. दाजी, त्या दिवशी माझ्या डोक्यात पस्तीस होते. फॉर्मवर रकमेची जागा कोरी होती. मी हप्ते भरले नसते तर आधी आमचं घर गेलं असतं, आणि घर विकूनही भागलं नसतं तर बँक तुमच्या बागेत आली असती. हे मला माहीत होतं. मी तुमच्यासमोर बसून धपाटे खाल्ले. तीन. आक्का चौथा वाढत होती तो मात्र नको म्हणालो. त्या रात्री डायरीत ‘चौथा नाकारला’ अशी नोंद आहे आणि पुढे काही नाही. पाच महिने मी त्या ओळीकडे बघतो आहे. हे लिहिलं आणि जरा श्वास घेता आला. तुम्ही रागवा. फोटोतल्यापेक्षा जास्त रागावलात तरी चालेल.

तर घराची किंमत ठरवायला बँक आपला माणूस पाठवते. तो टेप लावून मोजतो, भिंती वाजवून बघतो, फोटो काढतो आणि अहवाल देतो. त्याने जी किंमत लिहिली त्याच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. तो शुक्रवारी येणार होता. शुक्रवारसाठी शिवकन्येने पडदे धुतले होते, मी बाहेरच्या भिंतीला एक हात रंग दिला होता (पुढच्याच भिंतीला. बाजूच्या दोन दिसत नाहीत). तो आला गुरुवारी. मी कॉलेजात, शिवकन्या तेजश्रीच्या शाळेत पालकांच्या मीटिंगला, आणि घरात एकटी आई.

इथे तुम्हाला समजावण्याची गरज नाही, कारण तीस वर्षं तुम्ही घरपट्टी गोळा केलीत. तुम्हीच सांगायचात, की टेप हातात घेऊन गल्लीत शिरलं की गल्ली पाच मिनिटांत गरीब होते. लोक कूलरवर गोधडी टाकतात, वरच्या खोलीला गोवऱ्यांची खोली म्हणतात, बाथरूमच्या दाराला तुळस टेकवून ठेवतात, आणि एकाने तर तुम्हाला स्वतःच्या तीन खोल्या शेजाऱ्याच्या म्हणून दाखवल्या होत्या आणि शेजाऱ्याने त्या त्याच्या म्हणून. आपल्याकडे टेपवाला माणूस म्हणजे घरपट्टीवाला, आणि घरपट्टीवाल्याला घर दाखवायचं ते सगळ्यात वाईट बाजूने, हे आईच्या दुधातून मिळतं. तर या टेपवाल्याला बायडाबाईंनी, म्हणजे आपल्या आईने, घर दाखवलं.

प्रत्यक्ष काय झालं हे समोरच्या जानकीबाईंनी ओट्यावरून पाहिलं, आणि उरलेलं मला अहवालावरून जुळवता आलं. आईने त्याला आधी पाणी दिलं, पण ते शेजारून मागून आणून. “बोअर हाय, पर त्येला पाणी न्हाई, साहेब,” असं ती म्हणाली. (बोअरला दीड इंच पाणी आहे. तिने मेन स्विच पाडला होता.) मग त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथे स्लॅबखाली दोन बादल्या मांडलेल्या, त्यांत चार-चार बोटं पाणी. फेब्रुवारी महिना! तो बिचारा आभाळाकडे बघून आला म्हणतात. “पावसाचं न्हाई ओ, आतलंच झिरपतंय,” आई म्हणाली. त्याच खोलीत साप निघतो, असं तिने सांगितलं, आणि त्याने दारातूनच माप घेतलं. पुढची सात फूट जागा रस्त्यात जाणार आहे अशी गल्लीत बोलवा असल्याचं तिने फार दुःखाने सांगितलं. (बोलवा नव्हती. त्या दिवसापासून मात्र आहे. दोन घरांनी ओटे बांधायचं काम थांबवलं आहे.) आणि जाताना त्याने विचारलं, की इकडे खोल्यांना भाडं काय येतं. तर म्हणे, “भाड्यानं कोन ऱ्हातंय हितं? आमीच कसंबसं ऱ्हातो.”

अहवाल बारा दिवसांनी आला. तानाजीने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि समोर बसला. मी पुस्तकांच्या मधोमध आयुष्य काढलेला माणूस आहे, पण इतकं परिणामकारक लेखन फार कमी वाचलं. ‘इमारतीची स्थिती असमाधानकारक.’ ‘पाण्याचा स्रोत बंद.’ ‘पुढील बाजू रस्तारुंदीकरणात बाधित होण्याची शक्यता.’ ‘स्थानिक चौकशीनुसार मागील खोलीत सर्पाचा वावर.’ ‘भाडे उत्पन्नाची शक्यता नगण्य.’ घराची किंमत एकवीस लाख, आणि तीही जागेची. घराच्या रकान्यात जवळपास नुसती विटांची किंमत धरली होती. मिळू शकणारं कर्ज तेरा लाख.

“सर,” तानाजी म्हणाला, “तुमची आई हाय का दुश्मन?”

मी घरी जाऊन आईवर ओरडलो. हेही लिहिलं पाहिजे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी अंगणात उभा राहून म्हाताऱ्या बाईवर ओरडलो, की तो घरपट्टीवाला नव्हता, बँकेचा होता, आणि तुला विचारल्याशिवाय बोलायला कोणी सांगितलं. आई मेथी निवडत होती. “मला काय कळतंय बापा,” एवढंच म्हणाली. एकच तक्रार तिने केली, तीही फार खाली मान घालून: “घराला साप हाय म्हनले, ते माझं मलाच बरं न्हाई वाटलं.”

आई या कर्जाबद्दल आधी एकदाच बोलली होती, जानेवारीत. “उचल किती घ्यायलास?” तिने विचारलं. तिला कर्ज म्हणजे उचलच. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, पाच महिने कोयता चालवून फेडायची, नाही फिटली तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाच्या गाडीत बसायचं. मी म्हणालो, पस्तीस. ती म्हणाली, “किती हंगाम?” मी म्हणालो, पंधरा वर्षं. त्यावर ती म्हणाली, “आमी अकरा केले तवा तू लेकरू व्हतास. तुझे पंधरा व्हत्याल तवा तू म्हातारा.” मी तिला समजावलं की बँक आणि मुकादम यांत फरक असतो. काय फरक असतो हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर, मी आता विचार करतो, मी काय सांगणार होतो? मुकादमाकडे घर गहाण टाकावं लागत नव्हतं, एवढा एक आठवतो.

तानाजीने धीर सोडला नाही. दुसरा किंमत ठरवणारा बोलवू, म्हणाला, आईला त्या दिवशी तलवाड्याला पाठवा. (आठवा, मार्चमध्ये मी आईला तुमच्याकडे आठ दिवस ठेवून घेण्याबद्दल फोन केला होता. तुम्ही ‘बरं’ म्हणून आक्काकडे दिला होता.) दुसऱ्या माणसाची तारीख मिळायला तीन आठवडे लागले. आणि त्या तीन आठवड्यांत क्लास गेला.

म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा, ज्याच्या जिवावर सोळा खाटा भरणार होत्या तो. परीक्षा संपल्या, पोरं घरी गेली, आणि एका सकाळी दोन टेम्पो लावून बाकं निघाली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मोठी इमारत घेतली आहे म्हणे, तिथे राहण्याची सोयही त्यांचीच. मी कोपऱ्यावर उभा राहून टेम्पोत बाकं चढताना बघत होतो. शेवटचं बाक चढेपर्यंत मी कॉलेजला गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा उशिराची नोंद झाली.

आमच्या समोरचे सुंदरराव तुम्हाला माहीत आहेत. पंचायत समितीचे माजी सदस्य, जानकीबाईंचे यजमान. त्यांनी दोन वर्षांपूर्वी घर गहाण टाकून बेचाळीस लाख काढले आणि वर दोन मजले चढवले. त्यांच्याकडे बघूनच माझ्या मनाने उचल खाल्ली होती. बावीस खाटा आहेत त्यांच्याकडे. आता एकही मुलगी नाही. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की सुंदरराव दारात येतात आणि म्हणतात, “झोपायला आमच्याकडं पाठवा, लाजू नका.” गल्लीतल्या मागच्या लग्नात नवरदेवाकडची सगळी मंडळी त्यांच्याकडे झोपली, आणि त्यांनी एक पैसा घेतला नाही. हप्ते दिवाळीपासूनच थकले होते, हे आम्हाला मागच्या महिन्यात कळलं, बँकेने दारावर नोटीस चिकटवली तेव्हा. सुंदररावांनी तिच्यावर पुतण्याच्या लग्नाची पत्रिका चिकटवली. पत्रिका नोटिशीपेक्षा लहान आहे. चारही बाजूंनी नोटीस दिसते.

त्याच आठवड्यात जानकीबाई आमच्याकडे आल्या, पदराखाली एक डबा घेऊन. त्यांचे देव होते. घराला रंग द्यायचा आहे, तोवर तुमच्या देवघरात ठेवता का, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, “ठेव की. रंगाचा वास देवाला सोसत न्हाई.” दोघींपैकी कोणीही रंगाबद्दल पुढे काही बोललं नाही. आता आमच्या देवघरात दोन खंडोबा आहेत. आई आधी त्यांच्या खंडोबाला फूल वाहते, मग आपल्या. पाहुणा म्हणून.

मी रोज संध्याकाळी ते दोन खंडोबा बघतो, आणि मला सुटल्यासारखं वाटतं, आणि सुटल्यासारखं वाटतं याची लाज वाटते, आणि मग पुन्हा सुटल्यासारखं वाटतं. डायरीत मी लिहिलं होतं, ‘सारासार विचार करून कर्जाचा बेत रद्द केला.’ दुसऱ्या दिवशी वाचलं आणि खोडलं. विचार करून मी काहीच केलं नाही. आईच्या गैरसमजामुळे तीन आठवडे उशीर झाला, आणि त्या उशिराने आम्हाला वाचवलं. तिथे आता असं लिहिलं आहे: ‘दोन बादल्या, एक साप आणि बंद बोअर यांमुळे घर वाचले.’ हे निदान खरं आहे. साप सोडून.

शेवटी मी कॉलेजच्या पतसंस्थेतून अडीच लाख घेतले. स्लॅब दुरुस्त झाला. हप्ता पगारातून परस्पर जातो आणि पगार होतो त्या आठ तारखेपर्यंत मला त्याची आठवणही होत नाही. वर खोल्या नाहीत, जिना नाही, गाडी नाही. मी अजून स्कूटीवरच येतो. तानाजी अजून माझ्याकडे येऊन बसतो, पण आता पुस्तक मागतो. मी त्याला पुस्तक देतो आणि परत करायची तारीख ठसठशीत लिहून देतो.

तुमची बाग वाचली आणि मी तुमच्याशी खोटं बोललो, या दोन्ही गोष्टी तुमच्यापर्यंत पोचल्या की माझं काम झालं. याहून वेगळा काही हेतू या पत्रात नाही. लहानांना आशीर्वाद सांगा, आणि आक्काला म्हणावं, चौथा धपाटा माझ्याकडे राहिला आहे.

तुमचा,
सोमनाथ

ता. क. — हेतू नाही म्हणालो ते तितकंसं बरोबर नाही. एक बारीकसं काम आहे. बँकेचा माणूस येऊन गेल्यानंतर तीन आठवड्यांनी आणखी एक टेपवाला आला. हा मात्र खराखुरा घरपट्टीचा होता, नव्याने आकारणी चालू आहे. पुन्हा मी कॉलेजात. मी इतका ओरडलो होतो, त्यामुळे आईला वाटलं असणार की हाच तो बँकेचा दुसरा माणूस, आणि आता चूक भरून काढायची वेळ आली. तिने त्याला सोफ्यावर बसवलं. तेजश्रीच्या बारशाचे सोनेरी कडांचे कप काढले, जे मला अजून कधी मिळालेले नाहीत. बोअर चालू करून पाइपाने त्याच्या पायावर पाणी सोडलं. “पाया तीन मजल्याचा हाय, साहेब, हात लावून बघा,” म्हणाली. जिन्याची जागा सोडलेली आहे ना, तिथल्या अडगळीला तिने ‘सोमाची आभ्यासाची खोली’ म्हणून दाखवलं, आणि त्याने ती खोली म्हणून मोजली. वर्षाची घरपट्टी तीन हजार एकशे चाळीस होती, ती नऊ हजार आठशे साठ आली आहे. हरकतीची सुनावणी येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे. तुम्हाला त्या टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. बुधवारी मुक्कामी यावं, ही विनंती.

दुसरं ता. क. — येताना मला एक सांगा. शिवकन्या म्हणते, सुनावणीत बँकेचा तो अहवाल दाखवावा, तेवढा एकच कागद आपलं घर पडकं असल्याचं शपथेवर सांगतो. पण त्यातलं निम्मं आईने रचलेलं आहे हे मला माहीत असताना मी तो साहेबापुढे ठेवावा का? आणि न ठेवावा तर नऊ हजार आठशे साठ भरावेत का, जे खऱ्या घराचे आहेत? माझ्याजवळ आता एकाच घराचे दोन सरकारी कागद आहेत. एकात त्यात साप राहतो आणि दुसऱ्यात माझी अभ्यासाची खोली आहे.

तिसरं ता. क. — पाकीट चिकटवणार होतो तेवढ्यात आई देवळातून आली. कुणाला लिहितोस म्हणाली, म्हणून मी तिला पत्र वाचून दाखवलं. (धपाट्यांचा भाग गाळणार होतो. नाही गाळला. ती म्हणाली, “आश्रुबा काय म्हनायचा न्हाई. तू सांगितलंस ना, बास.”) पण ‘आईच्या गैरसमजामुळे’ हे वाक्य आलं तेव्हा ती हसायला लागली. आधी पदराआड, मग उघडपणे.

“कसला गैरसमज रं?” ती म्हणाली. “त्येच्या फायलीवर चित्र व्हतं. त्येच चित्र त्या कॅलेंडरवर हाय, तानाजीनं दिल्यालं. मला वाचता येत न्हाई म्हून दिसत बी न्हाई का?”

दाजी, मी उठून कॅलेंडर बघितलं. बँकेचं आहे.

मी विचारलं, मग दुसऱ्याला घर एवढं चांगलं का दाखवलंस, तो तर खरोखर घरपट्टीचा होता. तर म्हणाली, “ते बी ठावं व्हतं.” मग म्हणाली, “घराला त्याच्या तोंडावर नावं ठिवली, सोमा. तीन आठवडं दिवा लावताना भितीकडं बघू वाटंना. म्हून पुढच्याला खरं दाखवलं. कुन्या तरी सायबाच्या कागदावर ऱ्हाऊ दे की, बायडाबाईचं घर चांगलं हाय म्हून.”

मी तिला सांगितलं की त्या खऱ्यामुळे महिन्याला पाचशे साठ रुपये जास्त भरावे लागतील.

“मंग भर की,” ती म्हणाली. “सदतीस हजार भरायला निघालतास.”

तेव्हा दाजी, सुनावणीला येऊ नका. हरकत मी मागे घेतो आहे. पण बुधवारी मुक्कामी मात्र नक्की या, आक्कालाही आणा, आई पुरणपोळ्या करणार आहे. झोपायची काळजी करू नका. मागच्या खोलीत साप आहे अशी बँकेत नोंद असल्यामुळे तिथे भीती वाटत असेल, तर जिन्याच्या जागेत माझी अभ्यासाची खोली आहे. तिथे एका माणसापुरती अडगळ बाजूला करून ठेवतो. तिची घरपट्टी आपण भरतो.